आज घर शांत होतं

गेल्या उन्हाळ्यात जवळजवळ दोन महिने मी रोज सकाळी माझ्याच एका चुकीबद्दल मनापासून आभार मानत होतो. वहीत लिहून, वर तारीख घालून, चांगल्या अक्षरात. ती चूक आहे हे मला दिवाळीत कळलं. आणि कळल्यावर जे करायला हवं होतं ते करायला पुढचा चैत्र उजाडावा लागला.

तो आता उजाडला आहे. गल्लीच्या तोंडाशी असलेला कडुलिंब फुलला आहे, सकाळी खिडकी उघडली की त्याचा कडसर गोड वास आत येतो. गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया वाळत पडल्या आहेत. कूलरला नवा वाळा लावला, त्याचा ओला वास दोन दिवस घरभर होता. दहा वाजताच फरशी पायाला चटका देते. आणि पाण्याचा दिवस लांबला आहे.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी येतं आणि ऊन चढत गेलं की सहा, सात, कधी आठ. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर माझी बायको सुलभा त्या तारखांना पेन्सिलीनं गोल करते. इतर घरांत कॅलेंडरवर चतुर्थ्या आणि दुधाचे खाडे असतात, आमच्याकडे पाण्याचे गोल. पाणी पैठणच्या धरणातून येतं. इतक्या लांबून येतं म्हणून की काय, येण्याआधी नळ खोकतो. म्हाताऱ्या माणसासारखा दोन-तीनदा खाकरतो, हवा सोडतो, मग तांबूस धार, मग स्वच्छ.

आमची गल्ली उताराची आहे आणि आमचं घर सगळ्यात खालचं. त्यामुळे पाणी आधी आमच्या फाटकाजवळच्या नळाला येतं. वरच्या घरांना ते पंधरा-वीस मिनिटांनी मिळतं, तेही करंगळीएवढं. म्हणून आम्ही इथं राहायला आलो तेव्हापासूनची एक रीत होती. पहाटे साडेपाचच्या सुमारास सुलभा फाटकापाशी उभी राहायची. नळ खोकला की ती वरच्या दिशेनं तोंड करून हाक मारायची, ‘आलं गं, आलंऽऽ.’ मूळची गंगापूरकडच्या खेड्यातली. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला बोलायची सवय, त्यामुळे आवाज खणखणीत. त्या हाकेनं गल्लीतली दारं एकामागून एक उघडायची आणि हंडे, कळशा, बादल्या घेऊन बायका उतारावरून खाली यायच्या.

त्यांत दोघी कायमच्या. एक खरात मावशी. वय सत्तरीच्या आसपास, दवाखान्यात आयाची नोकरी करून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. दुसऱ्या समोरच्या, पण जरा चढावरच्या नसरीनभाभी, घरी शिवणकाम करतात. त्यांची मुलं मोठी होऊन बाहेर गेली, तशी आमची मुलगीही नोकरीला पुण्याला गेली. तिघींच्या घरात आता आवाज कमी होता. तो सगळा शिल्लक आवाज पाण्याच्या दिवशी आमच्या फाटकापाशी निघायचा.

‘काय गं सुलभा, काल तुमच्या कुकरच्या नऊ शिट्ट्या झाल्या. हरभरे व्हते का दगडं?’

‘राजमा व्हता, मावशी. लेकीनं पाठवला. पुण्यात म्हणे लोक हौसेनं खातात.’

‘मग यांनी खाल्ला का?’

‘खाल्ला की. अर्धं ताट संपल्यावर विचारलं, हे काय आहे.’

‘हमारे यहाँ तो प्लेट पूरी साफ होती,’ नसरीनभाभी म्हणायच्या, ‘फिर पूछते, आज पकाया क्या था.’

मग तिघींचं हसणं. त्यात पाइपचं पाणी पिंपात पडण्याचा आवाज, आधी खोल, घुमणारा, मग पिंप भरत जाईल तसा वर वर चढणारा. हे सगळं मी वर्षानुवर्षं अंथरुणातून अर्धवट झोपेत ऐकत आलो होतो. त्याचा त्रास होतो असं मला कधी वाटलं नव्हतं. मग मी सुखी व्हायचं ठरवलं.

मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे आणि त्यांतले दोष काढायचे, हे काम मी पंचवीस वर्षं करतो आहे. गेल्या वर्षीच्या सुरुवातीला एका मोठ्या ग्राहकाकडून बराच माल परत आला. दोष माझ्या नजरेतून सुटला होता. त्यानंतर मला झोप लागेना. छातीत धडधडायचं, जेवताना घास फिरायचा. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि म्हणाले, जरा स्वतःकडे बघा. त्याच महिन्यात कंपनीनं आमच्यासाठी ताण कमी करण्याचं एक शिबिर ठेवलं. शिकवायला आलेला माणूस माझ्यापेक्षा बराच लहान होता, पण त्याच्या चेहऱ्यावर जी स्वस्थता होती तिचा मला हेवा वाटला. तो म्हणाला, सकाळचा पहिला तास फक्त स्वतःचा ठेवा. कोमट पाणी, श्वास, थोडा वेळ डोळे मिटून बसणं आणि शेवटी वहीत तीन गोष्टी लिहायच्या, ज्यांच्याबद्दल आज आभार मानावेसे वाटतात.

मी प्रामाणिक माणूस आहे. हा माझा गुण म्हणून सांगत नाही. दिलेलं काम मी नेमून दिल्याप्रमाणे करतो, त्याच्या डावी-उजवीकडे बघत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पाचला उठू लागलो. मुलीच्या रिकाम्या खोलीत सतरंजी अंथरली. चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर.

आणि हे मी खरं सांगितलं पाहिजे, की त्याचा उपयोग झाला. श्वासाची निंदा मी करणार नाही. आठवड्याभरात धडधड कमी झाली. एका सकाळी डोळे उघडले तर खिडकीच्या गजावर एक चिमणी बसलेली होती आणि माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत आपण खिडकीकडे पाहिलेलंच नाही. मी ते वहीत लिहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. तो आनंद खरा होता, म्हणूनच तो सांभाळायच्या नादात मी इतका आंधळा झालो.

कारण दर पाच-सहा दिवसांनी, ऐन बैठकीत, ती हाक यायची. ‘आलं गं, आलंऽऽ.’

पहिल्यांदा मी सुलभाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘आवो, हाक नाय मारली तर वरच्यांना कळंल कसं? पाणी काय बेल वाजवून येतं का?’ दुसऱ्यांदा मी ऑफिसातून एक पाटी छापून आणली, ‘ध्यान चालू आहे. कृपया शांतता राखा.’ प्लास्टिकमध्ये बंद करून घेतली आणि फाटकाला तारेनं बांधली. खरात मावशींनी ती मोठ्यानं वाचली, एकेक शब्द सुटा करून, आणि म्हणाल्या, ‘सुलभा, घरात पेशंट ठिवला का काय?’ त्यावर जे हसणं उसळलं ते मला बंद दारातून ऐकू आलं. ते माझ्यावर होतं. आज मला तेही प्रेमाचंच वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं.

त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी मी बाहेर गेलो. चैत्र संपत आला होता, सहा वाजताच उजेड पिवळा झाला होता. सुलभाच्या हातात पाइप होता आणि ती कशावरून तरी इतकी हसत होती, की पाइपची धार हंड्याबाहेर पडत होती. मी फाटकात उभा राहिलो आणि म्हणालो, ‘तुम्ही इथं पाणी भरायला येता का बाजार भरवायला? घरी काही कामं नाहीत का तुम्हाला?’ एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी सुलभाकडे वळलो. ‘आणि तू. गल्लीभर ओरडायला कैऱ्या विकायला बसलीयेस का? खेड्यातून आणली ती आणली, आवाज तरी तिकडं ठेवून यायचा.’

पाण्याचा आवाज तेवढा राहिला. नसरीनभाभींनी ओढणी डोक्यावर नीट केली आणि अर्धाच भरलेला हंडा उचलला. खरात मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘चला गं बायांनो. साहेबाचा देव बसलाय, त्याला झोप मोडलेली चालत नाय.’ उतार चढताना त्या दोनदा थांबल्या. कळशी जड होती. सुलभानं खाली बसून नळ बंद केला, पाइप गुंडाळला आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगला.

मी आत येऊन पुन्हा डोळे मिटले. श्वास लगेच जमला. हे लिहिताना माझा हात थबकतो, पण तसंच झालं.

त्यानंतर हाक बंद झाली. गल्लीतल्या बायकांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्यावर सुलभा निरोप टाकू लागली, ‘पाणी आले आहे.’ पुढे जोडलेले हात. नसरीनभाभींनी छोटी मोटर बसवून घेतली. मावशी वरच्या करंगळीएवढ्या धारेखाली कळशी लावून वाट बघत बसायच्या, असं मला फार पुढं कळलं. फाटकापाशी कुणी येईना.

घरातही फरक पडला. सकाळचा चहा टेबलावर बशी झाकून ठेवलेला असायचा. डबा जिन्यापाशी. मी काही विचारलं तर ‘हं’ किंवा ‘बरं’. संध्याकाळी काय आणायचं ते फोनवर लिहून यायचं, ‘कोथिंबीर, साबण.’ कुकरच्या शिट्ट्यांशिवाय घरात आवाज नसे. पूर्वी ती मला जेवताना सगळं सांगायची, कुणाची सून आली, कुणाच्या दारातला मोगरा फुलला, रिक्षावाला काय म्हणाला. ते थांबलं. मला वाटलं, माझ्या साधनेचा हिच्यावरही परिणाम होतो आहे. खरंच असं वाटलं. एका दिवशी मी तिच्यासाठी तसलीच एक वही आणली आणि म्हणालो, ‘तूही लिहीत जा. बघ किती हलकं वाटतं.’ तिनं वही घेतली, पुसली आणि कपाटात ठेवली.

माझ्या वहीत त्या दिवसांची पानं अशी आहेत. एक, श्वास चांगला जमला. दोन, गुलमोहराला पहिलं फूल. तीन, आज घर शांत होतं. दुसऱ्या दिवशी, एक, गार वारा. दोन, मुलीचा फोन. तीन, आज घर शांत होतं.

रक्तदाब उतरला. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. कंपनीत दुसरं शिबिर झालं तेव्हा मला अनुभव सांगायला उभं केलं. मी पंधरा मिनिटं बोललो. म्हणालो, आपण बदललो की घर बदलतं. आमच्या घरात आता आवाज चढत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या घेतल्या. संध्याकाळी बसमधून येताना उन्हानं पिवळी पडलेली माळरानं खिडकीतून मागे जात होती आणि मला वाटत होतं, आयुष्यात इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. घरी सुलभा टेबलावर ताट झाकून गच्चीवर गेली होती. कुरडया आवरायला, असं मी धरून चाललो. कुरडयांचे दिवस तोवर संपले होते.

श्रावणात खरात मावशींना ताप आला. चार दिवस त्या घरात एकट्या पडून होत्या, मग वरच्या घरातल्या कुणीतरी त्यांना दवाखान्यात नेलं. आम्हाला कळलं तेव्हा त्या घरी परत आल्या होत्या. सुलभा पेज घेऊन गेली आणि आल्यावर दारातच उभी राहिली. आषाढात तिचं कामापुरतं बोलणं सुरू झालं होतं, पण हे कामापुरतं नव्हतं. ‘मला भाजीवाल्याकडनं कळलं,’ ती म्हणाली. ‘आधी पाण्याला नाय आल्या तर मी घरी जाऊन बघायचे.’ मी म्हणालो, ‘वय झालं आता त्यांचं.’ हेच म्हणालो.

मग दिवाळीची साफसफाई. मी खुर्चीवर चढून पंखा पुसत होतो. सुलभा खाली माझी पुस्तकं झाडत बसली होती. बराच वेळ फडक्याचा आवाज आला नाही म्हणून मी खाली बघितलं. तिच्या मांडीवर माझी वही उघडी होती.

‘हे घर शांत होतं, घर शांत होतं, काय लिवलंय सगळीकडं?’

‘तेव्हाचं आहे. उन्हाळ्यातलं.’

तिनं पानं मागे-पुढे केली. ‘वैशाख. जेष्ठ. व्हय, तेव्हाचंच.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मी अबोला धरला व्हता तेव्हा.’

मी खुर्चीवर तसाच उभा. हातातल्या फडक्यातून काळं पाणी मनगटावर ओघळत होतं.

‘माझ्याशी?’

‘मग काय पंख्याशी? दोन म्हैने. म्हटलं, कवा तरी इचारतील, काय झालं गं तुला.’ तिनं वही मिटली. ‘तुम्ही आभार मानत व्हता.’

‘अगं, मग सांगायचं ना.’

‘अबोल्यात सांगतात का?’

आमच्या आई-वडिलांच्या घरात अबोला म्हणजे काय हे तीन वर्षांच्या पोराला कळायचं. ताट जरा जोरात ठेवलं जायचं, पदर वेगळा खोचला जायचा, आणि वडील दुसऱ्या दिवशी गजरा किंवा जिलेबी घेऊन यायचे. अबोला कुणीतरी मोडावा म्हणूनच धरलेला असतो. मी तो मोडला नाही, विचारलं नाही, मला तो दिसलाच नाही. उलट त्याच्या सावलीत बसून मी श्वास मोजले. दोष शोधायची पंचवीस वर्षांची नजर माझी, आणि घरात एक माणूस दोन महिने गप्प आहे हे मी चांगल्या मालाच्या रकान्यात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती चकल्या तळत होती तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलो. ‘माझं चुकलं,’ मी म्हणालो.

ती तेलाकडे बघत राहिली. ‘मला तुम्ही हितं बोलला नव्हता,’ ती म्हणाली. मग चकली उलटताना म्हणाली, ‘आठ दिवसांतनं एकदा हसायला मिळायचं. माझं तेवढंच व्हतं.’

एवढंच. ती बोलत होतीच, अबोला तर कधीच संपला होता, पण ते बोलणं कामापुरतं. जे गेलं होतं ते माझ्या ‘चुकलं’नं स्वयंपाकघरात परत येणारं नव्हतं. चार बायकांसमोर ज्याची माती केली ते चार भिंतींच्या आत उभं करता येत नाही. हे मला त्याच दिवशी समजलं होतं. समजूनही मी सहा महिने घालवले. फाटकावरची पाटी गुपचूप काढली, तार तशीच राहिली. संक्रांतीला तिळगूळ घेऊन खरात मावशींकडे गेलो. त्यांनी हातावर तिळगूळ घेतला आणि विचारलं, ‘झालं का ध्यान साहेबांचं?’ मी ‘हो’ म्हणून परत आलो. माफी मागायला धीर लागतो म्हणतात. मला वाटतं लाज सोडावी लागते, आणि माझ्यासारख्या माणसाला तीच सगळ्यात जड.

मी अजून पाचला उठतो. चार आत, सहा बाहेर. पण वही दिवाळीनंतर कोरी आहे. तिसरी ओळ काय लिहायची ते सुचत नाही.

परवा कॅलेंडरवर गोल होता. सात दिवसांनंतरचा. मी सतरंजी उघडलीच नाही. साडेपाचला फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. लिंबाची बारीक पांढरी फुलं ओट्यावर पडली होती. पिंपं रिकामी, हात लागला तरी घुमत होती. सुलभा मोबाइल घेऊन दारात आली, मला बघून थबकली.

नळ खोकला. एकदा, दोनदा. मी वरच्या दिशेनं तोंड केलं आणि हाक मारली. ‘आलं हो, आलं.’ माझा आवाज चिरका निघाला. कोणतंच दार उघडलं नाही. मी पुन्हा मारली, जरा मोठ्यानं.

‘कोण बोंबलतंय?’ वरून खरात मावशींचा आवाज आला. ‘आग लागली का?’

‘पाणी आलंय, मावशी. कळशी घेऊन या.’

समोर नसरीनभाभींनी खिडकीतून डोकं काढलं. ‘भाईसाब, तबियत तो ठीक है ना?’

‘ठीक आहे, भाभी. तुम्हीही या जरा.’

त्या आल्या. मावशी एका हातानं भिंतीचा आधार घेत हळूहळू उतरल्या, दुसऱ्या हातात कळशी. वरच्या घरांतून आणखी दोघी-तिघी आल्या, हंडे घेऊन, पण बऱ्याच अंतरावर थांबल्या. सगळ्या माझ्याकडे नाही, सुलभाकडे बघत होत्या. मी पाइप उचलला.

‘मागच्या उन्हाळ्यात मी इथं उभं राहून...’

‘आधी पाइप कळशीत घाला,’ सुलभा मागून म्हणाली. ‘रस्ता भिजवताय.’

खरंच धार रस्त्यावरून वाहत निघाली होती, लिंबाची फुलं घेऊन. मी पाइप मावशींच्या कळशीत घातला. पाण्याचा आवाज तळातून, खोल, सुरू झाला. तो वर चढेपर्यंतचा वेळ माझ्याकडे होता.

‘मी तुम्हाला बाजार म्हणालो,’ मी म्हणालो. ‘सुलभाला तुमच्यासमोर नको ते बोललो, तिच्या माहेरावरून बोललो. तुम्ही यायच्या बंद झालात, ती गप्प झाली, आणि मला ते बरं वाटलं. मावशी, तुम्ही चार दिवस तापात पडून होता आणि आम्हाला कळलं नाही, तेही माझ्यामुळं. भाभी, तुम्ही त्या दिवशी अर्धा हंडा घेऊन गेलात. मला माफ करा.’

मावशींचं लक्ष कळशीकडे होतं. मी वळलो. हातात पाइप होता म्हणून हात जोडता आले नाहीत.

‘सुलभा, चुकलो मी,’ मी म्हणालो. ‘पुढच्या पाण्याला हाक तू मार.’